आधी कागद, मग कलम

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असे बाहेरच्यांना वाटते. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक आदेश वाचला की या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते कळते. जामीन मिळूनही कच्चे कैदी तुरुंगातच बसून राहतात, हे पाहून न्यायालयाने पायऱ्या आखून दिल्या. आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकाकडे जावी. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगभेटीचा वकील पाठवून कैद्याशी बोलणे करावे आणि सुटकेसाठी लागेल ती मदत द्यावी. या आदेशातला विधी स्वयंसेवक म्हणजेच पॅरालीगल. आता तो तुरुंगात जाऊन नेमके काय करतो ते पाहू. युक्तिवाद करायचा नसतो, कारण न्यायाधीशांचा निर्णय होऊन गेलेला असतो. उरलेले असते ते गावी फोन लावणे, जामीन राहायला तयार असलेला नातेवाईक शोधणे, त्याच्याकडे सातबारा आहे की पगाराची स्लिप आहे हे विचारणे, तहसीलमधून ऐपतीचा दाखला कधी मिळेल याचा अंदाज घेणे, आणि आदेशात ‘दत्तात्रय’ व आधारकार्डावर ‘दत्तू’ असेल तर तो घोळ आधीच निस्तरणे. हे कोणी केले नाही तर न्यायालयाने दिलेले स्वातंत्र्य फाइलमध्येच राहते.

पॅरालीगल म्हणून काम करू पाहणाऱ्याची तयारी कशी असावी, याचे उत्तर मला या यादीत दिसते. आपल्याकडे या कामाचे प्रशिक्षण म्हटले की सभागृह, फलक, पाहुणे वकील आणि एकामागून एक कायद्यांवरची व्याख्याने असा बेत ठरलेला असतो. सकाळी कौटुंबिक हिंसाचार, दुपारी ग्राहक संरक्षण, चहानंतर माहितीचा अधिकार. प्रत्येक विषय महत्त्वाचाच. पण हे सगळे ऐकून बाहेर पडलेल्या माणसासमोर प्रत्यक्ष अडलेला माणूस येतो, तेव्हा तो कलम विचारत नाही. तो पिशवीतून चुरगळलेले कागद काढतो आणि आपली हकीकत मधूनच कुठून तरी सुरू करतो. त्या हकीकतीतून तारखा वेगळ्या काढणे, कोणता कागद आहे आणि कोणता हवा हे ओळखणे, तो कोणत्या टेबलावर मिळतो आणि किती दिवसांत द्यायचा असतो हे माहीत असणे, आणि आपले काम कुठे संपून वकिलाचे कुठे सुरू होते हे जाणणे, हा या व्यवसायाचा गाभा आहे. कायद्याचे ज्ञान त्याला लागतेच, पण ते या कामाच्या अनुषंगाने यायला हवे. आपण क्रम उलटा लावला आहे, आणि शिबिरांत इतके लोक तयार होऊनही पुढे कामावर टिकणारे कमी, याचे एक कारण मला या उलट्या क्रमात दिसते.

हा वर्ग आला कुठून, ते थोडक्यात पाहू. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आले आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्यांची स्थिती समोर आली आणि गरीब आरोपीला वकील मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, पण तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे नालसा, जिल्हा प्राधिकरणे आणि तालुका समित्या अशी उतरंड उभी राहिली, तरी गावातला माणूस तालुक्याच्या न्यायालयाची पायरी चढायला बिचकतोच, हे लक्षात आल्यावर २००९ मध्ये नालसाने विधी स्वयंसेवकांची योजना आणली. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे आणि कायद्याचे विद्यार्थी, बचत गटातल्या महिला, इतकेच काय, दीर्घ शिक्षा भोगत असलेले सुशिक्षित आणि चांगल्या वर्तणुकीचे कैदीसुद्धा या योजनेत बसतात. हे शेवटचे कलम मला त्या योजनेतले सर्वांत शहाणपणाचे वाटते. तुरुंगातल्या माणसाची अडचण तुरुंगातल्याइतकी कोणाला कळणार? २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतही असे स्वयंसेवक बसवायला सांगितले, म्हणजे हरवलेल्या मुलांच्या तक्रारी कशा हाताळल्या जातात यावर कोणाची तरी नजर राहील.

महाराष्ट्रातल्या गावात पॅरालीगलकडे जमिनीचे प्रकरण येणारच, म्हणून तेच उदाहरण जरा तपशिलात घेऊ. समजा, एक बाई सांगत आली की वडील वारले, भावांनी सातबारावर आपलीच नावे लावून घेतली, आणि तिला आता कळले. शिबिरात बसलेल्या स्वयंसेवकाला हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आठवते, कदाचित २०२० चा विनीता शर्मा निकालही आठवतो, आणि तो म्हणतो, “ताई, तुमचा हक्क आहे.” बाईला ते आधीच माहीत असते, म्हणूनच ती आलेली असते. तयार पॅरालीगल वेगळी सुरुवात करील. वडील कधी वारले आणि मृत्यूचा दाखला कुठे आहे? वारसांची नोंद कोणत्या फेरफार क्रमांकाने झाली, तारीख कोणती? त्या फेरफाराची नक्कल काढा, आणि गाव नमुना सहा-क, म्हणजे वारसा प्रकरणांच्या नोंदवहीचा उतारासुद्धा. भावांनी दिलेल्या वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात बहिणीचे नाव आहे की गाळले आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, ती तिला मिळाली का, मिळाली असेल तर सही कोणाची? कधी हक्कसोड पत्रावर अंगठा घेतला होता का, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवले होते का? या प्रश्नांच्या उत्तरांतून प्रकरणाची दिशा ठरते. नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली असेल तर प्रांताकडे अपील करायला साठ दिवस असतात, आणि मुदत टळली असेल तर उशीर माफीचा अर्ज जोडावा लागतो. उशिराचे कारण खरे आणि कागदाने सिद्ध होणारे लागते.

या सगळ्यात एक बारकी पण निर्णायक गोष्ट आहे. फेरफाराची नोंद म्हणजे मालकी नव्हे. अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत बरोबर मानली जाते, एवढेच कलम १५७ सांगते. म्हणून नोंद रद्द झाली तरी बाईचा वाटा आपोआप हातात येत नाही, आणि नोंद कायम राहिली तरी तिचा हक्क संपत नाही. जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, वाटणीचा दावा लावायचा का, कोणत्या न्यायालयात, मनाई हुकूम मागायचा का, हे प्रश्न इथून पुढचे आहेत आणि ते वकिलाचे आहेत. पण वकिलाकडे जाताना बाईच्या हातात तारखांनिशी लावलेली फाइल असेल, वर एका पानावर हकीकतीचा क्रम असेल, तर तोच वकील तासाभरात सल्ला देऊ शकतो. नाहीतर पहिल्या तीन खेपा ‘अमुक कागद आणा’ यातच जातात, आणि दर खेपेला मजुरी बुडते. पॅरालीगलने न्याय मिळवून दिला असे इथे कोणी म्हणणार नाही. पण त्याच्यावाचून ही बाई तिसऱ्या खेपेनंतर घरीच बसली असती, आणि गावागावांतून असेच होत आले आहे.

पोटगीच्या प्रकरणात हीच गोष्ट वेगळ्या अंगाने दिसते. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि कर्जे यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. शहरी आणि शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी वेगवेगळे नमुनेही जोडले. कायदा वकिलांना त्याच दिवशी समजला. पण घरकाम करणाऱ्या, बँकेचे पासबुक नवऱ्याकडे राहिलेल्या बाईने तो नमुना भरायचा कसा? मुलाची फी, घरभाडे, औषधे, किराणा यांच्या पावत्या कोणी जपलेल्या नसतात. नवऱ्याची कमाई सिद्ध करायची तर त्याच्या नोकरीचे ठिकाण, गाडीची नोंदणी, गावाकडचा आठ-अ, जमले तर त्याच्याच हातची एखाद्या कर्जाची कागदपत्रे, अशा गोष्टी गोळा कराव्या लागतात. हे काम तासन्‌तास बसून, न चिडता, बाईला शरम वाटणार नाही अशा तऱ्हेने करावे लागते. म्हणून मुलाखत घेणे हा पॅरालीगलच्या अभ्यासक्रमातला मोठा विषय असायला हवा. माणसाला आधी मनासारखे बोलू द्यायचे, मग तारखांवर आणायचे, मग ‘हे तुम्ही स्वतः पाहिले की कोणी सांगितले?’ असे विचारायचे. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात तर हकीकत वारंवार सांगायला लावणे हाच एक त्रास असतो. पहिल्यांदाच नीट लिहून घेणाऱ्या माणसाला तो वाचवता येतो.

आतापर्यंत गाव आणि तालुका झाला, पण मुंबई-पुण्यातल्या लॉ फर्ममध्ये पगारावर काम करणाऱ्या पॅरालीगलची गोष्ट फार वेगळी नाही. तिथे शोध अहवालासाठी तीस वर्षांच्या सूची क्रमांक दोनच्या नोंदी तपासायच्या असतात, करारांच्या ढिगातून मुदतीची आणि दंडाची कलमे वेचायची असतात, ई-फायलिंगसाठी पानांना क्रमांक देऊन पीडीएफ तयार करायची असते, बोर्डावर प्रकरण कितवे आहे ते पाहायचे असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला आणि व्हॉट्सअॅपचे संदेश किंवा सीसीटीव्हीचे चित्रण पुरावा म्हणून द्यायचे तर कलम ६३ खालचे प्रमाणपत्र दोन भागांत, हॅश व्हॅल्यूसह द्यावे लागू लागले. फोन आपटून फुटला, संदेश पुसले गेले, मग प्रमाणपत्राचा विचार सुरू झाला, असे झाले की चांगला पुरावा हातचा जातो. इथेही निकाल वकिलाच्या वाक्चातुर्यावर कमी आणि आधीच्या कागदी शिस्तीवर जास्त अवलंबून असतो. मुंबईला ही गोष्ट नवी नाही. जुन्या सॉलिसिटर फर्ममधले मॅनेजिंग क्लार्क हे कार्यालयाचे खांब मानले जात, आणि बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीच्या परीक्षेला बसणाऱ्याने आधी आर्टिकल्ड क्लार्क म्हणून फाइली हाताळल्या पाहिजेत, हा दंडक तिथे पक्का होता. शहरातल्या श्रीमंत पक्षकारांसाठी जे शिक्षण असे मुरवले गेले, तेच गावातल्या गरिबाला मदत करणाऱ्याला मात्र दोन दिवसांच्या व्याख्यानांतून येईल, असे आपण मानून चाललो आहोत.

मी म्हणतो त्याला केवळ माझ्या तर्काचा आधार नाही. लायबेरिया, युगांडा आणि मोझांबिक या तीन देशांत सामूहिक जमिनींच्या नोंदीबाबत एक अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही समूहांना फक्त माहितीची शिबिरे दिली, काहींना शिबिरांबरोबर त्यांच्यातूनच निवडून तयार केलेले पॅरालीगल दिले, काहींना वकील आणि तज्ज्ञांची पूर्ण सेवा दिली, आणि काहींना केवळ छापील माहिती देऊन तुलनेसाठी ठेवले. सगळ्यांत जास्त मदत मिळालेले समूह सगळ्यांत पुढे जातील, असे कोणालाही वाटेल. एकंदरीत चित्र उलटे निघाले. पॅरालीगल मिळालेले समूह अनेक टप्प्यांवर पूर्ण सेवा मिळालेल्यांच्याही पुढे गेले. वकिलांचे पथक येणार म्हटल्यावर लोक हातावर हात ठेवून बसत. आपल्यातलाच माणूस मागे लागला की सीमेचे वाद, आपसातली भांडणे ते स्वतःच बसून मिटवत. नुसती शिबिरे पुरत नाहीत, हेही त्यात दिसले. आफ्रिकेतला निष्कर्ष जसाच्या तसा गडचिरोलीला लावता येणार नाही, हे मान्य. तरी २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या मेंढा (लेखा) सारख्या गावाकडे पाहिले, तर ग्रामसभेत स्वतः कागद वाचणारे, नकाशा समजणारे लोक असणे किती मोलाचे ते पटते. वनहक्काच्या दाव्याला एकाहून अधिक पुरावे लागतात, १३ डिसेंबर २००५ ची मुदत लक्षात ठेवावी लागते, उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर साठ दिवसांत पुढे जावे लागते. हे ज्ञान गावात राहणाऱ्याकडेच हवे, कारण नोटीस गावात येते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप अर्धवट ज्ञानाचा. गावोगावी कंपाउंडर डॉक्टर होऊन इंजेक्शने देऊ लागले, तसे हे पॅरालीगल वकील होऊन बसतील, अशी भीती वकील मंडळी बोलून दाखवतात. ती निराधार नाही. न्यायालयाच्या आवारात ‘काम करून देतो’ म्हणणारे दलाल पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांच्यापायी गरीब नागवला जातो. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३३ नुसार वकिली करण्याचा अधिकार नोंदणीकृत वकिलालाच आहे, कलम ४५ खाली बेकायदा वकिलीला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने दलालांविरुद्धची तरतूद याच कायद्यात आणली. पण या भीतीतून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. पॅरालीगलला कलमांची व्याख्याने देऊन सोडले, की त्याला आपण वकील असल्याचा भास होतो. कागद, मुदत आणि मर्यादा यांवर त्याला घडवले, तर आपले कुंपण त्याला रोज दिसत राहते. ‘अर्ज कुठे द्यायचा’ हे सांगणे त्याचे काम. ‘तुम्ही जिंकाल’ असे सांगणे त्याचे काम नव्हे. समझोत्यावर सही करावी की नाही हे ठरवून देणे त्याचे काम नव्हे. पैसे हातात घेणे तर नव्हेच, नकलेची फीसुद्धा पक्षकारानेच भरून पावती आपल्याकडे ठेवावी. पहिल्या दिवशी हे नियम शिकवावेत आणि शेवटच्या दिवशी त्यांवरच परीक्षा घ्यावी. नालसाच्या योजनेत ओळखपत्र, देखरेख आणि गैरवर्तनाबद्दल नाव काढून टाकण्याची सोय आहे. ती वापरली गेली पाहिजे.

परदेशांत या आक्षेपावर दोन टोकांची उत्तरे दिली गेली आणि दोन्ही पाहण्यासारखी आहेत. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २००७ पासून पॅरालीगलना परवाना द्यायला सुरुवात केली. वकिलांवर देखरेख करणारी लॉ सोसायटीच त्यांच्यावर देखरेख करते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, परीक्षा आणि व्यावसायिक विमा, एवढे झाले की ते छोट्या रकमांचे दावे, वाहतुकीचे गुन्हे, घरमालक-भाडेकरू वाद यांत पक्षकारातर्फे स्वतः उभे राहतात. उलट अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये कौटुंबिक प्रकरणांसाठी मर्यादित परवान्याचे विधी तंत्रज्ञ तयार करायचे ठरवले, पण वकिलाच्या हाताखाली सुरुवातीला तीन हजार तासांच्या अनुभवाची अट घातली. फार थोडे लोक त्यातून पार पडले, आणि खर्चाच्या मानाने उपयोग कमी म्हणून २०२० मध्ये योजना गुंडाळायचे ठरले. काहीच अट न घालता लोक सोडणे जसे धोक्याचे, तसे वकिलाइतकेच शिक्षण मागून वकिलाहून कमी अधिकार देणे हेही फसवेच. आपल्याला ओंटारिओची नक्कल करायची गरज नाही; आपल्या कायद्यात तसा प्रतिनिधित्वाचा परवाना नाहीच. पण देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम हा त्यांच्या रचनेचा भाग उचलण्याजोगा आहे.

दुसरा आक्षेप असा की देशात कायद्याची महाविद्यालये उदंड, दरवर्षी वकील बाहेर पडतात, त्यातल्या अनेकांना काम नाही. मग आणखी एक वर्ग कशाला? आक्षेप दिसायला सरळ आहे, पण वकील जिल्ह्याच्या न्यायालयाभोवती जमतात आणि अडचण तलाठी कार्यालयात, रेशन दुकानात, पोलीस ठाण्याच्या अंमलदाराच्या टेबलावर निर्माण होते. बहुतेक तक्रारींचे खटल्यात रूपांतर व्हायलाच नको असते. वेळेत दिलेला अर्ज आणि त्याची पोच यांनीच त्या मिटतात. विनामोबदला किंवा अल्प मोबदल्यात तालुक्याच्या आवक-जावक टेबलासमोर उभे राहणे वकिलाला परवडणारे नाही, आणि त्याने ते करावे अशी अपेक्षाही गैर आहे. शिवाय कायद्याच्या महाविद्यालयातही फेरफाराची नक्कल कशी काढतात ते बहुधा शिकवत नाहीत. सनद घेतलेला नवा वकील आणि शिबिर केलेला नवा स्वयंसेवक या बाबतीत सारखेच कोरे असतात. तिसरा आक्षेप हल्लीचा: सगळे ऑनलाइन झाले, प्रश्न विचारला की संगणक अर्ज लिहून देतो, मग माणूस कशाला? अर्ज लिहून मिळतो हे खरे. पण त्यात घालायची तारीख खरी आहे की आठवणीतली, हे पिशवीतले कागद पाहणाऱ्यालाच कळते. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस दिसते, ही सोय उत्तमच, ती ज्या विधवेच्या नावाने आहे तिने ती पाहावी, यासाठी मात्र अजून कोणाला तरी तिच्या दारात जावे लागते.

तेव्हा या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने कशी तयारी करावी? इग्नूने चालवलेल्या पॅरालीगल प्रॅक्टिसच्या पदविकेसारखे अभ्यासक्रम पाया घालायला उपयोगी आहेत, जिल्हा प्राधिकरणाची निवड झाली तर तिथले प्रशिक्षणही घ्यावे. पण एखादा अभ्यासक्रम निवडताना ‘किती कायदे शिकवता?’ यापेक्षा ‘किती फाइली हाताळायला देता आणि त्या तपासतो कोण?’ असे विचारावे. स्वतःच्या घरच्या कागदांपासून सुरुवात केली तरी चालते: आपल्या कुटुंबाचा एक सातबारा घेऊन त्यावरचा प्रत्येक फेरफार क्रमांक मागे मागे शोधत जावे, कोणता व्यवहार कधी झाला ते कागदावरून सांगता येते का ते पाहावे. दहा रुपयांच्या शुल्काचा एक माहिती अधिकाराचा अर्ज स्वतः करावा, तीस दिवस मोजावेत, उत्तर आले नाही तर पहिले अपील लिहावे. आपल्या तालुक्यातल्या न्यायालयात आठवडाभर मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकावे, ई-कोर्ट्सवर एखाद्या प्रकरणाच्या सगळ्या तारखा वाचून ते कुठे अडकले आहे हे ओळखण्याचा सराव करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटकेस पात्र कधी होतो, याचे गणित कागदावर मांडून पाहावे. जन्मठेप किंवा मृत्युदंडाच्या गुन्ह्यांत ते लागू होत नाही आणि एकाहून अधिक खटले असतील तर उत्तर बदलते, हे असे मांडतानाच नीट कळते. भाषेचे म्हणाल तर, सोप्या मराठीत एका पानाचा अर्ज लिहिता येणे ही इथली खरी पात्रता आहे. ज्याला मोडी वाचता येते त्याला तर वेगळीच किंमत आहे: २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर मोडीतली जुनी दप्तरे वाचू शकणारी माणसे किती थोडी उरली आहेत, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

पैशांबद्दल आडपडदा न ठेवलेला बरा. विधी स्वयंसेवकाला पगार नसतो. कामाच्या दिवसांपुरते मानधन असते, आणि त्यावर घर चालत नाही. योजनाकर्त्यांनी हे सेवाकार्य म्हणूनच योजले होते, त्यामुळे ज्याला पोट भरायचे आहे त्याने या नावाला भुलू नये. उपजीविका हवी असेल तर वाटा वेगळ्या आहेत: लॉ फर्म, बँका आणि विमा कंपन्यांचे कायदा विभाग, बांधकाम व्यावसायिकांकडचे कागदपत्रांचे काम, आणि तुरुंग, स्त्रिया, कामगार किंवा जंगलहक्क यांवर काम करणाऱ्या संस्था. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत आणि पोलीस कोठड्यांत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते नेमत आला आहे, म्हणजे हे काम पूर्णवेळ व्यवसाय म्हणून करता येते याचा दाखला आपल्याकडेच आहे. स्वयंसेवकाची दोन-तीन वर्षे अनुभवासाठी घालवून पुढे अशा जागी जाणे हा शहाणपणाचा मार्ग वाटतो, मात्र त्यासाठी त्या वर्षांची नोंद ठेवलेली हवी. किती प्रकरणे हाताळली, कोणत्या टप्प्यावर वकिलाकडे दिली, किती दिवसांत काय झाले, अशी नावे वगळून लिहिलेली स्वतःची वही. नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ती वही जास्त वाचली जाईल.